बंद गाडीची चोरी

१

भंगारवाला दारात येऊन उभा राहिला आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की भंगारच जागेवर नाही.

जनावरांच्या दवाखान्यामागची ती शेड तशी लहानच. चार गाड्या अंग चोरून उभ्या राहायच्या. चौघींनीही दहा वर्षं कधीच ओलांडलेली. त्यातली पांढरी, निळी आणि लाल जागच्या जागी होत्या. त्यांच्या किल्ल्या भिंतीवरच्या खिळ्यांना लटकत होत्या. चौथीच्या जागी मात्र धुळीत एक स्वच्छ चौकोन उरला होता. तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. दोन आठवड्यांपासून ती बंद होती. किल्ली कितीही फिरवा, नुसती कुंथायची, सुरू व्हायची नाही.

“चोराला अक्कल आहे की नाही?” फिटर डोकं खाजवत म्हणाला. “तीन चालत्या गाड्या सोडल्या आणि बंद पडलेली नेली!”

“पण नेली कशी?” धाकट्या डॉक्टरांनी विचारलं. दवाखाना आता त्याच बघायच्या. थोरले डॉक्टर म्हणजे त्यांचे वडील. त्यांनी सुरू केलेला हा दवाखाना. “जेवायला गेले तेव्हा इथेच होती. ढकलत नेली असेल का कुणी?”

कोपऱ्यात एक बाई गुडघ्यांवर बसून जमिनीवर टॉर्च मारत होत्या. उन्हाचा लख्ख उजेड असतानाही. विमा कंपनीसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या तपासण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्या, पण हातातला टॉर्च काही सुटला नाही, म्हणून लोक त्यांना टॉर्चबाईच म्हणत. चारांतल्या कुठल्या गाड्या ठेवायच्या आणि कुठल्या काढायच्या, हे सांगायला धाकट्या डॉक्टरांनी त्यांना बोलावलं होतं. काल दिवसभर त्या गाड्यांच्या पोटाखाली सरपटत होत्या. आज निकाल सांगायला आल्या, तर हे.

“ढकलणाऱ्याच्या पावलांचे ठसे नाहीत,” त्या उठता उठता म्हणाल्या. “दुसऱ्या गाडीच्या चाकांचेही नाहीत. एकटी गेलीय बाई, स्वतःच्या पायांनी.”

“बंद गाडी?”

“तेच तर!” टॉर्चबाईंचे डोळे लहान मुलीसारखे चमकले. चोरी झाल्याचं दुःख त्यांना व्हायला हवं होतं, पण तसं काही होत नव्हतं. “धाकट्या डॉक्टर, मला तासभर द्या. भंगारवाल्याला चहा द्या. पोलिसांना एवढ्यात नको.”

२

पहिला सापडला कंपाउंडर. दुपारी औषधखोलीच्या बाकावर आडवं व्हायचं, हा त्याचा जन्मसिद्ध हक्क. औषधखोलीची खिडकी शेडकडे उघडत होती.

“ऐकलं की मी,” तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. “दोनदा कुंथली आणि सुरू झाली. मला वाटलं, फिटरच आलाय, झाली दुरुस्त. म्हणून कूस बदलली.”

“उठून बघावंसं नाही वाटलं?”

“बाई, डोळा लागता लागता कोण उठतंय?” मग त्याने आवाज खाली आणला. “माझं नाव घेतील, मला माहितीये. मी त्या गाडीचं मागचं सीट मागितलं होतं. ओसरीवर टाकायला. पण सीटसाठी अख्खी गाडी कोण नेईल? आणि मला गाडी चालवता येत असती तर अशी पायपीट केली असती का?”

त्याच्या चपलांच्या टाचा झिजून कागद झाल्या होत्या. टॉर्चबाईंनी मान डोलावली आणि पुढे गेल्या.

फिटर शेडच्या दाराशी बिडी ओढत बसला होता. आपण बंद ठरवलेली गाडी दोन झटक्यांत सुरू झाली, हे कानावर पडल्यापासून त्याचं तोंड उतरलं होतं.

“पेट्रोलचा पंप गेला होता,” तो हट्टाने म्हणाला. “इंजिन फिरतंय आणि पेट्रोल येत नाही, मग दुसरं काय असणार? आणि तो पंप आता मिळत नाही कुठे. म्हणून म्हटलं, काढून टाका.”

“दुखणं सापडलं नाही म्हणून रोगी मेलाच म्हणायचं?”

“तुम्ही काहीही म्हणा. मी चोरली असती तर पांढरीचे टायर नेले असते. नवे कोरे आहेत.”

टॉर्चबाई शेजारच्या दगडावर टेकल्या. “बरं, मला एक सांग. काल मी म्हातारीच्या क्लचवर पाय ठेवला, लोण्यासारखा होता. नवा टाकलास का?”

फिटरला हसू फुटलं. “छे! पूर्वी थोरल्या डॉक्टरांना दर वर्षा-दीड वर्षाने नवा लागायचा. पाय क्लचवरच ठेवून गाडी चालवायची सवय. किती सांगितलं, ऐकतील तर शपथ. मग काय झालं कुणास ठाऊक, मागे एकदा बदलला तो शेवटचा. चार वर्षं होत आली, हात लावलेला नाही.”

“माणूस सुधारला म्हणायचा.”

“या वयात? असं कधी ऐकलंय का तुम्ही?”

टॉर्चबाईंनी ऐकलं नव्हतं. तीस वर्षांत शेकडो चालक त्यांनी पाहिले होते. माणूस घर बदलेल, धंदा बदलेल. क्लचवरचा पाय मरेपर्यंत बदलत नाही.

मग पाय दुसऱ्या कुणाचा होता?

३

दवाखान्याला लागूनच घर होतं. व्हरांड्यात थोरले डॉक्टर वेताच्या खुर्चीत बसले होते. उंच, रुंद हाडापेराचा माणूस. दारातून जाताना वाकावं लागेल असा. गाडी गेल्याचं त्यांना सांगितलं, तेव्हा ते नुसतं “असं का?” म्हणाले होते.

“तुमची गाडी होती,” टॉर्चबाई समोरच्या स्टुलावर बसल्या. “वाईट वाटलं असेल.”

“गाडीचं काय हो. लोखंड ते.” त्यांनी टेबलावर हात ठेवला, तो हळूहळू सरकवत कपापर्यंत नेला आणि मग कप उचलला. “मी आता बाहेर जाणार नाहीच. दोन आठवडे झाले, थांबवलंय सगळं.”

“मागच्या बंपरवर पिवळा रंग लागलाय. फाटकाचा. ताजा आहे.”

“हो, मागे घेताना फाटकाला लागली. मीच घेत होतो.” उत्तर जरा जास्तच लवकर आलं. “त्यानंतरच बंद पडली.”

टॉर्चबाईंनी फोन काढला, एक फोटो उघडला आणि त्यांच्यासमोर धरला. “काल काढलाय. ही सीटची शिवण उसवलीय, ती आधीपासूनची का? तुमच्याच गाडीची ना?”

थोरल्या डॉक्टरांनी फोटोकडे नीट पाहिलं. निदान चेहरा तरी नीट तिकडे केला. “हो, हो. माझीच. शिवण जुनीच आहे.”

तो फोटो दारात बांधलेल्या शेळीचा होता.

टॉर्चबाईंनी फोन बंद केला. आतापर्यंत त्यांना वाटत असलेली गंमत तिथेच विरली. तेवढ्यात काकू किटली घेऊन बाहेर आल्या. थोरल्या डॉक्टरांच्या पत्नी. सगळं गाव, सगळे शेतकरी त्यांना काकूच म्हणत. चणीने लहान, चालणं लगबगीचं. नवरा कुठे दूर जनावर बघायला निघाला, की या सोबतीला जायच्याच, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक कौतुकाने हसायचे, या वयातही जोडी सुटत नाही म्हणून.

“घ्या, गरम आहे,” काकू म्हणाल्या. “काय मेली गाडी! जाऊ द्या ना. कुणी नेली त्याला लखलाभ.”

“तुम्हाला काही आवाज वगैरे?”

“मी कुठे असते त्या वेळी जागी! आणि मला गाड्यांतलं काय कळतंय? मला साधी सायकल येत नाही हो.”

टॉर्चबाई चहा प्यायल्या. कप ठेवताना दाराशी काढलेल्या चपलांकडे त्यांचं लक्ष गेलं. लहानशी जोडी, काकूंचीच. तळव्यांना पिवळट, बारीक काहीतरी चिकटलं होतं. उचलून बघायचा मोह त्यांनी आवरला. वाकून बघायचा आवरला नाही.

लाकडाचा भुसा होता तो.

४

धाकट्या डॉक्टर तपासणीच्या खोलीत हात धूत होत्या. चेहऱ्यावर दमणूक.

“सापडला चोर?”

“सापडेल. आधी सांगा, म्हातारी काढायचं कुणी ठरवलं?”

“मीच. बंद पडलेली गाडी ठेवून करू काय? आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं. बाबांनी या वयात कुठे कुठे आडरानात जायचं, मला जिवाला घोर. चार गाड्या पोसायच्या कशाला? पांढरी सगळ्यांत चांगली दिसते. ती ठेवावी, बाकीच्यांचं तुम्ही सांगाल तसं.”

“कुणी विरोध नाही केला?”

“बाबा अवाक्षर बोलले नाहीत. आई तेवढी दोनदा म्हणाली, ‘ठेव गं तिला.’ मी म्हटलं, आई, तुला गाडीतलं काय कळतं?”

टॉर्चबाई दाराकडे वळल्या. “इथे जवळपास लाकडाची वखार आहे?”

“आहे की. वळणापलीकडे. त्यांच्या कुत्र्याचा पाय बाबांनीच जोडला होता. का?”

“म्हातारीचा पेट्रोलचा काटा काल तळाला होता. लांब गेलेली नाही ती. चला, पाय मोकळे करून येऊ.”

वखारीच्या मागच्या पत्र्याखाली ताडपत्री टाकलेली होती. टॉर्चबाईंनी तिचं टोक उचललं. मातकट हिरवा रंग, गोल दिवे. म्हातारी आरामात उभी होती, माहेरी आल्यासारखी.

“म्हणजे वखारवाल्याने?” धाकट्या डॉक्टरांचा आवाज चढला.

“त्या बिचाऱ्याने फक्त जागा दिली.” टॉर्चबाईंनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं. “या, बसा इथे.”

धाकट्या डॉक्टर बसायला गेल्या आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट अगदी पुढे ओढलेलं होतं. पाठीशी घट्ट उशी.

“तुमचे वडील इथे मावतील?”

“शक्यच नाही. पण आज चोराने सीट ओढलं असेल.”

“काल मी बघितली तेव्हाही असंच होतं. आता खाली बघा. तुमच्या पायाखालची चटई स्वच्छ आहे. शेजारची बघा.”

शेजारच्या चटईवर वाळलेला चिखल आणि शेणाचे पोपडे होते. मोठ्या गमबुटांचे.

“गोठ्यातून येणारा माणूस इकडे बसत नव्हता,” टॉर्चबाई म्हणाल्या. “तिकडे बसत होता. वर्षानुवर्षं. चार वर्षांपासून क्लच टिकला, कारण पाय बदलला. गाडी बंद पडली ती फाटकाला लागल्यावर. काही जुन्या गाड्यांत एक बटण असतं. जोराचा धक्का बसला की पेट्रोल तुटतं, आग लागू नये म्हणून. ते पुन्हा दाबलं की गाडी चालू. तुमच्या फिटरने पंपाला दोष दिला, बटण शोधलंच नाही. मी काल ते बाहेर आलेलं पाहिलं, आज सांगणारच होते. पण माझ्याआधी ते कुणाला तरी ठाऊक होतं. हे त्यालाच ठाऊक असणार, ज्याच्या हातून याआधीही कधी धक्का बसला आणि ज्याने गाडीचं पुस्तक वाचून उपाय केला.”

धाकट्या डॉक्टरांचा हात स्टिअरिंगवरच राहिला. त्या उशीकडे पाहत होत्या. उशीच्या अभ्र्याचं कापड त्यांच्या ओळखीचं होतं. घरातल्या पडद्याचं.

“आई?” त्या पुटपुटल्या. “आईला साधी सायकल...”

“सायकल खरंच येत नाही,” मागून आवाज आला. “पडायची भीती वाटते. गाडीला चार चाकं असतात.”

काकू पत्र्याखाली उभ्या होत्या. दोघी वळणाकडे निघालेल्या पाहून मागोमाग आल्या असाव्यात; धाप लागली होती.

५

“लायसन्स आहे माझ्याकडे,” काकूंनी आधी तेच सांगितलं. “रीतसर परीक्षा दिली. तुला सांगितलं असतं तर हसली असतीस. पहाटे निघायचो, गोठ्याच्या अलीकडेच उतरायचो, दुपारी सामसूम झाली की परतायचो; कुणाला दिसलंच नाही.”

“आई, पण चोरून? चार वर्षं? का?”

काकूंनी टॉर्चबाईंकडे पाहिलं. टॉर्चबाईंनी मान खाली घातली. शेळीच्या फोटोबद्दल त्या काही बोलणार नव्हत्या; ते सांगायचा अधिकार त्यांचा नव्हता.

“यांना दिसत नाही गं,” काकू म्हणाल्या. “आधी संध्याकाळचं दिसेना. मग कडेकडेचं. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, लांबच्या गावी. सुधारायचं नाही म्हणाले. ऑपरेशनं यांनी तेव्हाच सोडली, तुझ्या हातात दिली. तुला वाटलं, बाबा विश्रांती घेतायत.”

“आणि इंजेक्शनं? औषधं?”

“सुई मी भरते. बाटलीवरचं मी वाचते, दोनदा. यांचे हात तेवढे यांचे. मेल्या त्या हातांना अजून सगळं दिसतं.”

धाकट्या डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. चेहरा लाल झाला होता. “आई, हे चूक आहे. एखादं जनावर दगावलं असतं तर? तुम्हाला काही झालं असतं तर? दवाखाना माझ्या नावावर आहे!”

“चूकच आहे,” काकू शांतपणे म्हणाल्या. “फाटकाला धडकले त्या दिवशी मलाही कळलं. गाडी बंद पडली, बटण दाबायचं मला ठाऊक होतं, तरी दाबलं नाही. म्हटलं, सुटलो. आता बास. पण दोन आठवडे तो माणूस खुर्चीतून हलला नाही गं. जेवायला चल म्हटलं की येतो, झोप म्हटलं की झोपतो. आज भंगारवाला येणार म्हणून कळलं आणि माझ्याने राहवलं नाही. तुला सांगायला आले होते दोनदा.”

“मी म्हटलं, तुला काय कळतं,” लेक हळू आवाजात म्हणाली.

वखारीतली करवत थांबली, पुन्हा सुरू झाली.

“चला,” शेवटी धाकट्या डॉक्टर म्हणाल्या आणि गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर, त्या पोपड्यांवर पाय ठेवून बसल्या. “चालव. बघू दे मला.”

काकूंनी गाडी सुरू केली. मागच्या सीटवरून टॉर्चबाई कान देऊन ऐकत होत्या. गिअर पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

६

म्हातारी फाटकातून आत शिरली. कंपाउंडर आ वासून बघत राहिला आणि फिटरच्या हातातली बिडी खाली पडली. भंगारवाला मात्र धंद्याचा माणूस. “आली का? उचलू मग?” त्याने विचारलं.

“उचला,” टॉर्चबाई उतरत म्हणाल्या, “पण ही नाही. ती पांढरी.”

“पांढरी?” धाकट्या डॉक्टर चमकल्या. “सगळ्यांत छान तीच आहे!”

टॉर्चबाई त्यांना शेडमध्ये घेऊन गेल्या, वाकायला लावलं आणि पांढरीच्या पोटाखाली टॉर्च धरला. काळ्या रंगाचा जाड थर ताजा होता. त्यांनी टॉर्चच्या बुडाने एके जागी दाबलं. थराखालचं लोखंड पापडासारखं मोडलं आणि गंजाचा चुरा जमिनीवर सांडला. मागची स्प्रिंग ज्याला धरून होती तोच भाग तो.

“विकणाऱ्याने वरून रंगवून दिलीय. एखाद्या खड्ड्यात हिचा मागचा भाग जमिनीवर बसेल, आत कोण आहे ते बघणार नाही. निळी ठेवा, ब्रेकच्या नळ्या तेवढ्या बदला. लाल तेल पिते, पण तिचं अंग धड आहे. गावातल्या गावात चालवा. आणि म्हातारी ठेवाच. चौघींत तिचा सांगाडा सगळ्यांत भक्कम. गाडीचं वय विचारून काही कळत नाही, डॉक्टर. हाडं बघायची, आणि कुणाच्या हाताखाली आहे ते बघायचं.”

व्हरांड्यात थोरले डॉक्टर उभे राहिले होते. गाडीचा आवाज त्यांनी ओळखला होता. लेक पायऱ्या चढून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“कळलं तुला,” ते म्हणाले.

“हो.”

“मला दिसत नाही, बाळ.” हे त्यांनी इतकं साधं सांगितलं, जणू कुणी आजवर विचारलंच नव्हतं म्हणून राहून गेलं होतं.

तेवढ्यात आत फोन वाजला. कंपाउंडर धावत बाहेर आला. टेकडीपलीकडच्या गोठ्यात गाय सकाळपासून अडली होती, वासरू येत नव्हतं.

“मी जाते,” धाकट्या डॉक्टर बॅग उचलत म्हणाल्या. दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. “बाबा, बूट घाला. सुईला हात लावायचा नाही. औषध मी देणार, निर्णय मी घेणार. आणि आई, गाडीत पेट्रोल नाहीये.”

टॉर्चबाईंचं गाव त्याच रस्त्यावर होतं, म्हणून त्याही निघाल्या. खरं तर त्यांना बघायचं होतं. कुतूहल काही निवृत्त झालं नव्हतं.

गोठ्यात अंधार होता. गाय घामाने भिजून उभी होती, मधूनच कण्हत. धाकट्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. “एकच पाय लागतोय. दुसरा कुठे आहे कळत नाही.”

थोरले डॉक्टर गायीच्या कुशीला तळवे टेकून उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते. बोटं इंच इंच सरकत होती, थांबत होती, पुन्हा मागे येत होती. काकू कंदील धरून उभ्या होत्या, पण उजेड त्यांनी लेकीकडे वळवला होता.

“मान वळलीय त्याची,” ते म्हणाले. “म्हणून पाय खाली दबलाय. आधी मान मागे सार. मग डावीकडे, तळाशी.” त्यांनी लेकीचा मोकळा हात धरला आणि गायीच्या पोटावर ठेवला. “इथे. लागतंय?”

धाकट्या डॉक्टरांनीही डोळे मिटले.

“लागतंय, बाबा,” त्या म्हणाल्या.